खोडलेली दोन रीडिंगं

आमच्या घरात माझ्या कॉलेजविषयी बोलताना 'दोन वर्षांचं' हे शब्द गिळले जायचे. पुण्याहून आत्याचा व्हिडिओ कॉल आला की बाबा म्हणायचे, "इंजिनिअरिंगला आहे," आणि लगेच आत्याच्या गुडघ्याची चौकशी करायला लागायचे. खोटं नव्हतं ते. मेकॅनिकल इंजिनिअरिंगच होतं. फक्त डिग्री दोन वर्षांची होती आणि ती नीट पार पडली तर एखादं मोठं कॉलेज आपल्याला थेट तिसऱ्या वर्षाला घेणार, असा तो जोडरस्ता होता. आपल्याकडे डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला जातात तसंच आहे, असं मी आत्याला एका वाक्यात सांगून टाकलं असतं. पण बाबांच्या मते डिप्लोमा म्हणजे ज्यांना बारावी झेपत नाही त्यांची सोय, त्यामुळे तो शब्दही बंद होता.

मी नेदरलँड्सला आले तेव्हा तेरा वर्षांची होते आणि डच एक अक्षर येत नव्हतं. इथे बाराव्या वर्षीच मुलांची वाटणी होते, कोण युनिव्हर्सिटीकडे जाणार आणि कोण हाताने कामं करणाऱ्या कोर्सकडे. मी वाटणी झाल्यावर पोचले, त्यामुळे जे उरलं होतं ते मिळालं. नीउ-व्हेनेपच्या आमच्या गल्लीतली बाकीची मराठी मुलं इथंच जन्मलेली, आईवडिलांनी मराठीत विचारलं की डचमध्ये उत्तर द्यायची आणि वरच्या वर्गात बसायची. शाळेतल्या मेंटर बाईंनी अगदी प्रेमाने सांगितलं, की तुझं गणित चांगलं आहे पण भाषा कच्ची आहे, तेव्हा आधी दोन वर्षांचं करून बघ. मी हसून मान डोलावली आणि घरी येऊन कपाट आवरलं. मला राग लवकर येतो, आणि राग आला की मी फार नीटनेटकी होते. अक्षरसुद्धा सुधारतं.

हा स्वभाव आईचा. आई पुण्यात एका ज्युनिअर कॉलेजात चौदा वर्षं फिजिक्स शिकवायची. इथे आल्यावर शिकवायचं तर डच हवं, डच आलं तर इथली प्रमाणपत्रं हवीत, आणि ती मिळेपर्यंत वय उलटून जाणार, असा हिशोब तिनं पहिल्या वर्षातच मनाशी केला आणि कुणापाशी बोलली नाही. खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, डच वर्गाला ती जायची. जवळच्या प्राथमिक शाळेत मुलं दुपारी डबा खातात तेव्हा त्यांच्यावर लक्ष ठेवायचं काम तिला मिळालं होतं. पोरांच्या पोळीवरचं चॉकलेट पुसायला एम.एस्सी. लागत नाही, असं ती एकदाच म्हणाली.

मी कॉलेजात पाऊल ठेवलं ते कोविडच्या पहिल्या वर्षी, सप्टेंबरात. पाऊल ठेवलं म्हणजे सात-आठ वेळा ठेवलं. मग सगळं स्क्रीनवर आलं. बाबांचं ऑफिस बाडहूव्हडॉर्पला, विमानाने येणाऱ्या मालाचं वेळापत्रक लावणारं. मास्क, औषधं असलं काय काय येत होतं, त्यामुळे त्यांना रोज जावं लागायचं. शाळा बंद म्हणून आई घरी. आणि जेवणाच्या टेबलावर मी, लॅपटॉप आणि कॉलेजचं दोन वर्षांचं इंजिनिअरिंग.

खरं सांगायचं तर आईचा तो सगळ्यात चांगला काळ होता. लोक हवालदिल झाले होते आणि आमच्या घरात एक बाई सकाळी नऊला केस विंचरून, चष्मा पुसून माझ्या लॅपटॉपच्या पलीकडे बसायची, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी. डच तिला अर्धं कळायचं, पण फळ्यावरची समीकरणं पूर्ण कळायची. सर एखादी पायरी गाळून पुढे गेले की ती मला कागदावर ती पायरी लिहून दाखवायची. कधी कधी नुसतीच भुवई उडवायची. मला तिचा त्रासही व्हायचा, पण अनेक वर्षांनी तिच्या बोटांना पेनाची शाई लागलेली बघून बरं वाटायचं. पहिलं वर्ष मी तिच्या जिवावर चांगल्या मार्कांनी काढलं.

प्रॅक्टिकलची वही कशी ठेवायची, हे तिनंच शिकवलं होतं. आधी रफ. जे येईल ते रफमध्ये उतरवायचं, खाडाखोड करायची, भागाकार करायचे. मग फेअर. फेअर वहीत डावीकडे पेन्सिलने आकृती, उजवीकडे लेखन, रकाने पट्टीने आखलेले, मथळ्याखाली दोन रेघा. फेअर झालं की रफचं काम संपलं. पुण्यात माझ्या मामेभावंडांनी हेच केलं, आईच्या शेकडो विद्यार्थ्यांनी हेच केलं, आणि मला वाटत होतं की जगात सगळीकडे हेच करतात. माझ्या वर्गात एक होता, आधी दहा वर्षं लिफ्ट दुरुस्त करायचा आणि आता डिग्री करायला आलेला. त्याच्या वहीचा फोटो मी एकदा ग्रुपवर बघितला. कॉफीचा डाग, तीन रंगांची पेनं, मध्येच 'इथे मुलगी रडायला लागली, पाच मिनिटं थांबलो' असं वाक्य. भजी बांधून आणलेल्या कागदासारखी दिसत होती ती वही. त्याला दहापैकी आठ आणि मला साडेसहा. मी आईला दाखवलं तर ती म्हणाली, "असेल बाई, ह्यांच्याकडे चालत असेल. तू तुझं वळण सोडू नकोस."

दुसऱ्या वर्षी डिसेंबरात पुन्हा सगळं बंद झालं. लॅबही बंद, म्हणून कॉलेजने प्रयोगाचं खोकं घरी पाठवलं. ॲल्युमिनियमची हातभर पट्टी, तिच्याखाली चिकटवलेला छोटा हीटर, वर तापमान दाखवणारा सेन्सर. हीटर चालू करायचा आणि तासभर दर दोन मिनिटांनी तापमान लिहायचं. तीस रीडिंगं, त्यांचा आलेख आणि त्यावरून पट्टी हवेला किती उष्णता देते त्याचं गणित. त्या वर्षातला सगळ्यात मोठा रिपोर्ट हा होता, आणि तो पास झाल्याशिवाय एनस्खेडेची गोष्टच नव्हती. एनस्खेडेच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षासाठी मी अर्ज केला होता. सगळे विषय सुटले आणि आमच्या कॉलेजने शिफारस दिली तर जागा नक्की, नाहीतर दोन वर्षांच्या कागदावर नोकरी बघायची, असा सरळ मामला होता.

जानेवारीतल्या एका दुपारी मी ओट्याशेजारी पट्टी मांडली. आमचं स्वयंपाकघर आणि बसायची खोली एकच, मागे बागेचं काचेचं दार. आईने पलीकडे ठेच्यासाठी मिरच्या भाजायला घेतल्या. तापमान छान चढत गेलं, अर्ध्या तासाने अठ्ठावन्नवर येऊन स्थिरावलं. आणि मिरच्यांचा खाट उठला. त्या दिवसांत शेजारी कुणी खोकलं तरी लोक पडदा सरकवून बघायचे, आणि आम्ही दोघी क्षयरोग्यासारख्या खोकत होतो. आईने धावत जाऊन बागेचं दार सताड उघडलं. चौतिसाव्या मिनिटाला बावन्न. छत्तिसाव्या मिनिटाला एक्कावन्न. मग दार लावलं, आणि तापमान हळूहळू परत वर गेलं.

मी सगळं रफ कागदावर लिहिलं. साठ मिनिटं झाल्यावर आईने कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि त्या दोन आकड्यांवर आडवी रेघ मारून शेजारी तिच्या सुबक अक्षरात लिहिलं: ५८, ५८.

"ही दोन बिघडलीत गं. आलेखात उगीच खड्डा दिसेल."

"पण ती आलीत ना तशी?"

"अगं दार उघडलं म्हणून आलीत. ते काय तुझ्या प्रयोगात आहे का? फेअर करताना नीट लिही."

मी तेवढंच विचारलं, हे मला कबूल केलं पाहिजे. दुसऱ्यांदा विचारलं नाही. आलेख देखणा व्हावा असं मलाही वाटत होतं. फेअर वही झाली, स्कॅन करून पाठवली, आणि फेब्रुवारीत एनस्खेडेहून 'अटींवर प्रवेश' असं पत्र आलं. बाबांनी आत्याला आपणहून फोन लावला.

त्यानंतर आठवड्याभरात आमच्या सरांची मेल आली. परीक्षा समितीला प्रत पाठवलेली. वहीतली सगळी रीडिंगं एकाच बैठकीत, एकाच पेनाने लिहिल्यासारखी दिसतात, एकही दुरुस्ती नाही, प्रयोगाची वेळ नाही, आलेख पुस्तकातल्यासारखा आहे. प्रयोग प्रत्यक्ष केला गेला का, अशी शंका आहे. पुढच्या मंगळवारी समितीपुढे ऑनलाइन हजर राहून खुलासा करावा. फसवणूक ठरली तर वर्षभर परीक्षेला बसता येणार नाही.

 मला राग आला, मी पुस्तकांची फळी आवरायला घेतली आणि अर्ध्यातच सोडली. मिरच्यांचा खाट सहन करत तासभर बसून मी तो प्रयोग केला होता! आई म्हणाली, "रफ दाखव की त्यांना." रफ कुठे होतं? फेअर झाल्यावर रफची किंमत शून्य, पण आमच्या घरात पाठकोरा कागद कुणी टाकत नाही. फ्रिजच्या बाजूला चिमट्यात पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा असायचा, आई त्यांच्यावर सुपरमार्केटची यादी करायची. आम्ही गठ्ठा उपसला. तो कागद निघाला. मागे 'दही २, कोथिंबीर, बटाटे, कणीक बघणे' आणि पुढे माझी तीस रीडिंगं, वेळेसकट, खाडाखोडीसकट, कोपऱ्यात तेलाचा डाग. प्रयोग केला होता याचा याहून चांगला पुरावा नव्हता. आणि चौतीस-छत्तीसच्या ओळीवर आईची रेघ आणि आईचे आकडे, याहून वाईटही नव्हता.

बाबा रात्री जेवताना म्हणाले, "वरच्या अर्ध्या भागाचा फोटो पाठव. तेवढं पुरे आहे." मला ते पटलं. मनापासून पटलं. सोळा रीडिंगं त्या अर्ध्यात येत होती, शंका मिटली असती, आणि उरलेली चौदा कुणी मागितली नसती. मी मोबाइल घेऊन कागद टेबलावर सपाट करत होते, तेवढ्यात आईने माझ्या हातावर हात ठेवला.

"पूर्ण पाठव."

"आई, तुझं अक्षर आहे त्यात. मी आकडे बदलले असा अर्थ होतो त्याचा."

"बदललेच की आपण."

बाबा काहीतरी बोलणार होते, पण तिचा चेहरा बघून त्यांनी भाताकडे लक्ष वळवलं. मी आईशी पहिल्यांदाच वरच्या आवाजात बोलले. म्हणाले, तुझ्यामुळे झालंय हे, आणि आता तुला खरेपणा सुचतोय, जागा माझी जाणार आहे. ते बोलल्याचं मला वाईट वाटतं, पण ते खोटंही नव्हतं. आई म्हणाली, "म्हणून तर सांगतेय. अर्धा फोटो दिलास तर ते एक खोटं तुझं स्वतःचं असेल." मी तो पूर्ण कागद पाठवला, दोन्ही बाजूंनी, कोथिंबिरीसकट.

मंगळवारी स्क्रीनवर तीन चौकोन होते. समितीच्या दोन बायका आणि आमचे सर, उंच, वाळके, मागे भिंतीला सायकल टांगलेली. प्रयोग कसा केला ते मी सांगितलं. रफ आणि फेअर म्हणजे काय हे डचमध्ये सांगताना मला घाम फुटला. चांगल्या अक्षरात उतरवून काढणं म्हणजे समोरच्याचा मान ठेवणं, असं काहीतरी मी बोलले. अध्यक्षबाई ऐकून घेत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आणि हे दोन आकडे? हे अक्षर तुझं दिसत नाही."

मी तोंड उघडायच्या आत आई खुर्ची सरकवून कॅमेऱ्यात आली. दीड वर्ष ती त्या चौकटीच्या बाहेर बसली होती. तिनं खेमेंटेच्या वर्गात शिकलेल्या डचमध्ये, एकेक शब्द ठेवत सांगितलं, "हे माझं अक्षर. मी शिक्षिका होते. मीच तिला असं शिकवलं."

अध्यक्षबाई म्हणाल्या, की ही चौकशी मुलीची आहे, आईने बोलायचा नियम नाही. पण सर पुढे झुकले होते. त्यांनी थेट आईला विचारलं, "चौतिसाव्या मिनिटाला काय झालं?"

"मी दार उघडलं."

"का?"

"मिरच्या," आई म्हणाली आणि हाताने धुराची खूण केली.

"बाहेर किती तापमान होतं?"

"तीन डिग्री," आई तत्काळ म्हणाली. बागेतल्या तापमापीवर रोज नजर टाकायची तिची सवय होती, मला ते माहीतही नव्हतं.

"वारा?"

"होता. आत येत होता."

सरांनी लिहून घेतलं. मग ते माझ्याकडे नाही, आईकडे बघत म्हणाले, "त्या कागदावरची तीच दोन रीडिंगं मला हवी होती. बाकीची अठ्ठावीस मी पुस्तकातून काढू शकतो. तुमच्या स्वयंपाकघरात थंड वारा आला की पट्टी किती उष्णता सोडते, ते फक्त त्या दोनांत आहे." आवाजात टोचणी नव्हती. चांगली गोष्ट दाखवावी तसं ते बोलत होते. आई "हो" म्हणाली. मग पुन्हा एकदा "हो" म्हणाली आणि खुर्ची मागे घेऊन चौकटीबाहेर गेली.

निकाल दहा दिवसांनी आला. आकडे बदलले ही चूक नोंदवली, लेखी ताकीद दिली, रिपोर्ट रद्द केला. पण पुरावा मीच पूर्ण दिला म्हणून फसवणुकीचा शिक्का टळला आणि प्रयोग पुन्हा करायची परवानगी मिळाली. या वेळी दार मुद्दाम उघडायचं होतं. मी चार वेळा उघडलं, चार वेळा लावलं, कुठे कुठे खोडलं, कुठे कुठे चुकले ते तसंच ठेवलं. आठ मिळाले. शिफारस आली. एनस्खेडेची जागा राहिली. त्या दिवशी मी आनंदाने अक्षरशः उड्या मारल्या, आणि आईने शिरा केला.

पण त्या मंगळवारनंतर आई माझ्या टेबलापाशी बसली नाही. नऊ वाजले की ती वर जायची, कपड्यांच्या घड्या करायची. मी मुद्दाम हाक मारून विचारायचे, की ही पायरी कशी आली, बघ ना. ती लांबूनच म्हणायची, "सरांना विचार." मी जिंकले होते आणि घरातलं काहीतरी हरवलं होतं. ते परत कसं आणायचं, मला सुचत नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी ते दोघं मला एनस्खेडेला सोडायला आले. बाबा खाली पार्किंगची जागा शोधत होते आणि आई व मी खोलीत सपाट खोक्यातून आणलेलं टेबल जोडत होतो. मी म्हटलं, "या वर्षी उष्णतेवर अख्खा विषय आहे. वहीचे फोटो पाठवत जाईन तुला. बघशील ना?"

"नको गं," ती म्हणाली. स्क्रू फिरवता फिरवता थांबली. "दर वर्षी चार-दोन पोरं यायची माझ्याकडे. मॅडम, खरंच असंच येतंय म्हणायची. मी म्हणायचे परत घे, आणि तरी नाही आलं तर शेजारच्याचं बघून लिही."

मी म्हटलं, "सगळेच तसं सांगायचे, आई."

"एक मुलगी होती. लंबकाचा प्रयोग. तिनं तीनदा घेतलं, तिन्ही वेळा तेच आलं. रडवेली झाली होती. तरी मी खोडलं." तिनं टेबलाचा पाय हलवून बघितला, घट्ट बसला होता. "बाहेरच्या रस्त्याचं काम चाललं होतं तेव्हा, सगळी इमारत हादरायची. मी तिला विचारलंच नाही कधी, काय झालं म्हणून."

मी तिच्या शेजारी फरशीवर बसले. ती म्हणाली, "तिचं नाव आठवत नाही मला. रीडिंग आठवतं."

आणि तिनं ते सांगितलं, दशांशासकट.